चौकच्या टेकडीवरून

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

मी बोरिवलीत राहणारा एक निवृत्त शाळामास्तर. इतिहास आणि मराठी हे दोन विषय बत्तीस वर्षं शिकवले. आज तुम्हाला माझ्या भटकंतीबद्दल सांगायचं आहे. पण ही भटकंती सुरू कशी झाली ते सांगायचं, तर आधी एक कबुली द्यायला हवी.

१९८७ च्या आसपासची गोष्ट. सातवीच्या वर्गात मी वसईची मोहीम शिकवत होतो. चिमाजी अप्पा, पोर्तुगीज, वेढा, सुरुंग, विजय. हा धडा माझा हातखंडा होता. मुलं डोळे विस्फारून ऐकत. त्या दिवशी तास संपता संपता मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. गोराईहून रोज होडीने खाडी ओलांडून शाळेत यायचा. घरचा ख्रिस्ती. बोलायचा कमी. त्याने विचारलं, ‘‘सर, तेव्हा आमचे लोक कोणत्या बाजूला होते?’’

मला उत्तर माहीत नव्हतं. ‘माहीत नाही, शोधून सांगतो’ एवढं म्हणायला काय हरकत होती? पण मास्तरांना ते जड जातं. मी म्हटलं, ‘‘परीक्षेत येत नाही ते. बस खाली.’’ वर्ग हसला. मुलगा बसला. वर्षभरात त्याने पुन्हा प्रश्न विचारला नाही. पुढे तो कुठे गेला, मला ठाऊक नाही. त्याचा प्रश्न मात्र माझ्याकडेच राहिला.

निवृत्त झाल्यावर डॉक्टरांनी चालायला सांगितलं. उद्यानात गोल गोल फेऱ्या मारायचा मला कंटाळा. तेव्हा ठरवलं, ज्या लढाईवर बत्तीस वर्षं भाषणं ठोकली, ती जिथे झाली त्या जागा पायी पाहायच्या. लाज वाटावी अशी गोष्ट म्हणजे यातली एकही जागा माझ्या घरापासून एका दिवसात जाऊन येण्यापलीकडे नव्हती, आणि तरी एकही मी पाहिलेली नव्हती.

आपण ज्याला पश्चिम आणि मध्य उपनगरं म्हणतो, अंधेरी, मालाड, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड, ही सगळी जुन्या साष्टी बेटावर वसली आहेत. लोकल गाडीतून पाहणाऱ्याला हा मुलूख सपाट वाटतो. पण साष्टी हे मुळात डोंगराचं बेट आहे. मधोमध आज ज्याला संजय गांधी राष्ट्रीय उद्यान म्हणतात ती डोंगररांग, एका अंगाला समुद्र, बाकी अंगांना खाड्या. कान्हेरीच्या लेण्यांवरच्या कातळावर उभं राहिलं की हे चटकन कळतं. खाली दाट झाडी, विहार आणि तुळशीचं पाणी, आणि त्यापलीकडे घरांची दाटी.

सुरुवात मी अंधेरीच्या गिल्बर्ट हिलपासून केली. चित्रपटगृहं, गॅरेजं, झोपडपट्टी यांच्या मधोमध काळ्या बेसॉल्टचा साधारण दोनशे फूट उंच सुळका उभा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा हा दगड. लाव्हा थिजताना त्याचे उभे खांब बनले, आणि आजूबाजूचा डोंगर पुढे खाणवाल्यांनी खाल्ला. अशा दगडाची प्रसिद्ध उदाहरणं पाहायला लोक अमेरिकेत वायोमिंगपर्यंत जातात. आपल्याकडे ते स्टेशनवरून रिक्षाने जाण्याइतकं जवळ आहे. कातळातल्या पायऱ्या चढून वर गेलं की गावदेवीचं देऊळ आहे. पूर्वी इथून वेसाव्याचा किनारा मोकळा दिसत असणार. आता इमारतींच्या फटींतून समुद्राची एक रेघ दिसते. ती रेघ पाहताना पहिल्यांदा माझ्या डोक्यात आलं की, या बेटावरच्या प्रत्येक उंचवट्याला युद्धात किंमत असणार. जो आधी पाहतो, तो आधी तयारीला लागतो.

थोडा इतिहास उजळून घेऊ. वसई पोर्तुगीजांना मिळाली १५३४ मध्ये, गुजरातच्या सुलतानाशी झालेल्या तहाने. साष्टीही त्यांच्याकडे आली. सुमारे दोनशे वर्षं इथे त्यांचा ‘उत्तर प्रांत’ होता. किनाऱ्यावर वेसावे, म्हणजे आजचा मढचा किल्ला, खाडीच्या तोंडाशी घोडबंदर, पूर्वेला ठाणे. गावोगावी चर्चं झाली. हिंदूंच्या देवळांवर आणि उत्सवांवर बंधनं आली. त्या जाचाच्या तक्रारी घेऊन अंजूरचे गंगाजी नाईक पेशव्यांकडे खेटे घालत होते. पोर्तुगीजांनी ठाण्याला नवा किल्ला बांधायला घेतला, आणि तो पुरा व्हायच्या आत, मार्च १७३७ च्या अखेरीस, एका रात्री मराठ्यांनी खाडी ओलांडून तो घेतला. आजचं ठाण्याचं मध्यवर्ती कारागृह म्हणजे तोच किल्ला. त्यामुळे तो बाहेरूनच पाहावा हे बरं!

साष्टी पडली, पण वसई पडेना. दोन वर्षं झुंज चालली. १७३८ च्या अखेरीस ठाणे परत घ्यायला आलेला पोर्तुगीज सेनापती पेद्रु द मेलु तोफेचा गोळा लागून मेला. १७३९ च्या जानेवारीत उत्तरेकडे माहीम, केळवे, शिरगाव, तारापूर मराठ्यांनी घेतले. तारापूरला बाजी भिवराव रेठरेकरांसारखा मोहरा पडला. फेब्रुवारीपासून वसईला वेढा बसला.

हे सगळं मी शिकवत असे. न शिकवलेली गोष्ट मला चौकच्या टेकडीवर कळली, आणि ती सांगणारे गृहस्थ इतिहासाचे कोणी नव्हते. ताडाचे होते.

त्याचं असं झालं. मार्व्याहून होडीने मनोरीला उतरलो. मनोरी, गोराई, उत्तन हा पट्टा म्हणजे जुनं धारावी बेट. झोपडपट्टीची धारावी ती वेगळी, ही वेगळी. मुंबई इथे संपल्यासारखी वाटते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ताड-माड, वाड्या, क्रूस, वाळत घातलेली मासळी. गोराईच्या एका वाडीपाशी पाणी मागितलं. सत्तरी ओलांडलेल्या एका गृहस्थांनी पाणी दिलं आणि वर दोन ताडगोळे सोलून हातावर ठेवले. गप्पा सुरू झाल्या. मी मास्तर आहे कळल्यावर त्यांनी मला कायमचं ‘मास्तर’ करून टाकलं. मी त्यांना काका म्हणतो. ईस्ट इंडियन कुटुंब. खरं तर हे लोक इथलेच मूळचे, बोलणं घरात मराठीच. ‘ईस्ट इंडियन’ हे नाव त्यांनी १८८७ मध्ये, राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी घेतलं, गोव्याहून आलेल्या ख्रिस्ती लोकांपेक्षा आपण वेगळे आहोत हे दाखवायला.

काकांच्या घरची ताडाची झाडं होती. आजोबांच्या काळात भंडारी येऊन ती काढत. पोय छेदायची, खाली मडकं बांधायचं, आणि सकाळ-संध्याकाळ चढून रस उतरवायचा. उन्हाआधी उतरवलेला ताजा गोड रस ती नीरा. ऊन चढलं की तोच रस आंबायला लागतो, त्याची ताडी होते. मडक्याला आतून चुना लावला तर आंबणं लांबतं. ही ताडी फक्त प्यायची वस्तू नव्हती. यीस्ट बाजारात मिळत नव्हतं तेव्हा सणासुदीच्या फुग्यांचं पीठ ताडीनेच फुगत असे. काका म्हणाले, ‘‘लग्नाच्या आदल्या दिवशी आई ताडीची वाट पाहायची, आणि बाबासुद्धा. कारणं वेगळी!’’

द्राक्षाच्या दारूवर फ्रान्सात ग्रंथ लिहिले गेले आहेत. आपल्या ताडा-माडावर लिहिणाराही एक होऊन गेला. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य. मुंबई बेट काही काळ त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होतं. १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या त्याच्या पुस्तकात माडाची हकीकत आहे, आणि झाडातून उतरवलेल्या रसाला तो ‘सुरा’ म्हणतो. शब्द आपलाच, पुस्तक परक्याचं. आणि या झाडांवर चढणारे भंडारी लढवय्येही होते. इंग्रजांनी मुंबईत सतराव्या शतकात पहिली पहाऱ्याची फौज उभी केली, ती ‘भंडारी मिलिशिया’. पुढे १८७८ च्या अबकारी कायद्याने झाडावरचे कर आणि परवाने असे आवळले की, अनेक घरांचा हा धंदा मोडत गेला.

पुढच्या रविवारी काका मला चौकला घेऊन गेले. भाईंदर स्टेशनहून उत्तनकडे जाणारी बस घ्यायची, आणि शेवटचा चढ पायी. तिथे धारावीच्या किल्ल्याचे अवशेष आहेत. तटाचे तुकडे, बुरुजाचा भाग, बाकी गवत. किल्ला म्हणून पाहायला गेलात तर निराश व्हाल. पण समुद्राकडे तोंड करून उभे राहा. समोर वसईची खाडी समुद्राला मिळते, आणि पलीकडच्या तीरावर झाडीतून वसईचा किल्ला दिसतो.

मी तिथे गप्प उभा राहिलो. नकाशात हजारदा पाहिलेली गोष्ट पायाखाली होती. वसईला समुद्रातून जे काही यायचं, धान्य, दारूगोळा, माणसं, ते याच तोंडातून. या टेकडीवर ज्याची तोफ, त्याच्या हातात वसईचा घसा. म्हणून त्या दोन वर्षांत ही टेकडी एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती गेली आणि १७३९ च्या सुरुवातीला, वेसाव्याबरोबर, कायमची मराठ्यांकडे आली. गंमत पाहा, वसईच्या किल्ल्याला लागलेला दगडही याच धारावीच्या खाणींतला. घर इथल्या दगडाचं, आणि गळा आवळला तोही इथूनच.

काकांनी मात्र माझं लक्ष दुसरीकडे वेधलं. खालच्या ताडांकडे बोट दाखवून म्हणाले, ‘‘मास्तर, तुम्ही टेकडी टेकडी करता. माझा आजा सांगायचा, ताडाच्या शेंड्यावरून गलबत आधी दिसतं. झाडावर रोज दोनदा माणूस चढत होता. मग पहिली खबर कोणाला लागत असेल?’’

मी म्हटलं, ‘‘आणि ती खबर तो कोणाला देत असेल?’’

‘‘हां,’’ काका म्हणाले, ‘‘तेच तर. ज्याची भीती जास्त, त्याला. नाहीतर ज्याच्यावर माया जास्त, त्याला.’’

याला कागदाचा पुरावा नाही, हे मी इतिहासाचा शिक्षक म्हणून सांगायला हवं. पण त्या वाक्याने मला माझ्या धड्यातली रिकामी जागा दिसली. माझ्या धड्यात सेनापती होते, तोफा होत्या, सुरुंग होते. गाव नव्हतं. ज्यांच्या वाडीतून सैन्यं गेली, ज्यांच्या होड्या गेल्या, ज्यांचं भात कापायच्या आधी तुडवलं गेलं असेल, ते लोक नव्हते. आणि त्या मुलाने नेमकं तेच विचारलं होतं.

मग मी वाचायला बसलो. मिळालं ते असं. आमचे लोक दोन्ही बाजूंना होते. मराठ्यांना वाट दाखवणारे, बातमी देणारे, होड्या पुरवणारे इथलेच. पोर्तुगीजांच्या शिबंदीतही इथलेच स्थानिक ख्रिस्ती शिपाई. एकाच किनाऱ्यावरची, बहुधा एकाच बोलीत बोलणारी माणसं तटाच्या आत आणि बाहेर होती. मुंबईच्या इंग्रजांनी काय केलं? वसईच्या पोर्तुगीजांना पंधरा हजार रुपये कर्ज दिलं, तेही चर्चमधल्या चांदीच्या आणि पितळी तोफांच्या तारणावर. शेजारधर्म असा!

मे १७३९ मध्ये वसईच्या बुरुजांखाली सुरुंग उडाले. खिंडारातून मराठे चढले, मागे रेटले गेले, पुन्हा चढले. मराठ्यांचीच गणती सांगते की या वेढ्यात त्यांची पाच हजारांवर माणसं कामाला आली. किल्ल्याचा सेनापती आधीच मारला गेला होता. त्याच्या जागी आलेल्याने तह केला. चिमाजी अप्पांनी शिबंदीला सन्मानाने, शस्त्रांसह जाऊ दिलं. मागे राहणाऱ्यांना आपला धर्म पाळायची मोकळीक तहात मान्य केली. पुढल्याच वर्षी, डिसेंबर १७४० मध्ये, अप्पा वारले. वय जेमतेम तेहतीस. वसईच्या चर्चमधल्या घंटा देशावर गेल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळात आणि वाईजवळ मेणवलीला त्या आजही आहेत. मी लहानपणी मेणवलीची घंटा वाजवली होती. मला फार आवडली होती. ती कोणाच्या तरी गावाहून आली आहे, हे मला चौकच्या टेकडीवर जाणवलं.

काकांना मी घंटेबद्दल सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘वाजते ना अजून? मग झालं.’’ आणि थोड्या वेळाने, ‘‘पण तुमच्या पोरांना सांगा, कुठून आली ते.’’

यातून कोणी असा अर्थ काढू नये की मला वसईच्या विजयाचा अभिमान राहिला नाही. तसं मुळीच नाही. ज्यांना आपल्या दारात तुळशीवृंदावन ठेवायची चोरी होती, त्यांच्यासाठी ती सुटका होती. ते नाकारणं हाही खोटेपणाच. पण युद्ध संपल्यावर युरोपीय गोरे गलबतात बसून निघून गेले. काकांचे पूर्वज कुठे जाणार? ते इथेच होते. पुन्हा पोय छेदली, पुन्हा जाळं टाकलं. ३५ वर्षांनी, १७७४ च्या अखेरीस, इंग्रजांनी ठाणे आणि वेसावे घेतले, १७८२ मध्ये सालबाईच्या तहाने साष्टी कायमची त्यांची झाली. झेंडे तीन बदलले. ताड काढणारा तोच.

फ्रान्समध्ये आल्सास नावाचा द्राक्षमळ्यांचा प्रांत आहे. तिथल्या मळ्यांच्या वर हार्टमान्सव्हिलरकोफ नावाचं एक शिखर आहे. उच्चार माझ्या जिभेला जमेल तसा केला. पहिल्या महायुद्धात, विशेषतः १९१५ मध्ये, फ्रेंच आणि जर्मन सैनिकांनी ते एकमेकांकडून पुन्हा पुन्हा हिसकावलं. आज तिथे खंदकांतून पायवाट काढली आहे, आणि २०१७ मध्ये दोन्ही देशांनी मिळून तिथे एक संग्रहालय उघडलं. दोन्ही बाजूंची कहाणी एकाच छपराखाली. खाली मळे, वर शांतता. लोक चालत जातात, बघतात, उतरून येतात. माझ्या मनात येतं, आपल्याकडे चौकच्या टेकडीवर एक साधी पाटी लावून सुरुवात करता येणार नाही का? पाटीवर अप्पांचं नाव असावं, पेद्रु द मेलुचंही असावं, आणि एक ओळ ताडावरच्या त्या माणसासाठी असावी.

ज्यांना हे पाहायला जायचं असेल त्यांच्यासाठी थोडं व्यवहाराचं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. सकाळी लवकर निघा, दुपारचं ऊन या उघड्या टेकड्यांवर सोसत नाही. पाणी बरोबर घ्या. एक रविवार गिल्बर्ट हिल आणि वेसावा. मढचा किल्ला हवाई दलाच्या ताब्यात आहे, आत जाता येत नाही, किनाऱ्यावरून पाहा. दुसरा रविवार मनोरी, गोराई, उत्तन आणि चौक. तिसरा घोडबंदर, खाडीच्या काठावरची ती उंच जागा. आणि शेवटी वसई, पूर्ण दिवस काढून. क्रम हाच ठेवा. आधी भोवतालच्या टेकड्या पाहिल्या की वसई का पडली ते वसईत गेल्यावर कोणी समजावून द्यावं लागत नाही. वाडीत शिरताना विचारून शिरा, ती कोणाची तरी घरं आहेत. उन्हाळ्याच्या तोंडाशी गेलात तर ताडगोळे मिळतील, घासाघीस न करता घ्या. झाडावर चढणारी माणसं आता थोडी उरली आहेत.

गेल्या वर्षी काका आजारी होते. आता बरे आहेत, पण टेकडी चढत नाहीत. मी एकटा जातो आणि खाली उतरून त्यांना वरचं सांगतो. गवत किती वाढलं, खाडीत होड्या किती होत्या, कुठला ताड पडला. ते विचारतात, ‘‘वसई दिसली?’’ हवा स्वच्छ असेल तर मी हो म्हणतो.

त्या मुलाबद्दल मी काकांना विचारलं होतं. ते म्हणाले, ‘‘त्या वयाचे गावात पुष्कळ, मास्तर. अर्धे आखातात, काही बोटीवर.’’ तो आता पन्नाशीचा असेल. हा कार्यक्रम त्याच्या कानावर पडेल याची शक्यता थोडी. तरीही, पडलाच तर, बाळा, तू विचारलेला प्रश्न बरोबर होता. तुझे लोक दोन्ही बाजूंना होते, आणि मधेही होते. उत्तर द्यायला मला फार उशीर झाला. त्या दिवशी तुला खाली बसवलं, त्याबद्दल मला माफ कर.